आधी फरा, मग कोपर

परभणीतल्या ज्या मैदानावर मी पहाटे फिरायला जातो, तेथे भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी दोन लोखंडी खांबांच्या मध्ये बोअरचा जुना पाइप आडवा वेल्ड करून घेतला आहे आणि त्याला सगळे ‘बीम’ म्हणतात. थंडीच्या दिवसांत त्यावर दव साचते, म्हणून मुले आधी पाइप टॉवेलने पुसतात, तळहातांना माती चोळतात आणि मग लटकतात. सैन्यभरतीच्या मेळाव्यात दहा पुल-अप्सना पूर्ण 40 गुण आणि सहाला केवळ 16 गुण मिळत असल्यामुळे या पाइपाखालच्या चर्चेला परीक्षेच्या वर्गाचे गांभीर्य असते. तेथेच एक जुना उमेदवार एका नवख्याला सांगत होता, “हात जेवढे लांब धरशील, तेवढी पाठ रुंद होती बघ.” नवख्याने आज्ञाधारकपणे पाइपाची दोन टोके धरली, दोनदा तडफड केली आणि खाली उडी मारली.

‘लांब हात, रुंद पाठ’ हा समज शहरातल्या जिमपासून गावच्या तालमीपर्यंत सर्वत्र आढळतो. ज्या स्नायूमुळे पाठीला ‘पंख’ आल्यासारखे दिसतात, तो लॅटिसिमस डॉर्सी हा आकाराने पसरट असतो. पाठीच्या कण्याचा खालचा निम्मा भाग, कमरेच्या हाडाची कड आणि शेवटच्या तीन-चार बरगड्या एवढ्या विस्तीर्ण प्रदेशातून निघून तो काखेच्या मागून वर जातो आणि दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी, पुढच्या बाजूला, एका अरुंद पट्टीने चिकटतो. तो आखडला की वर केलेला दंड खाली, अंगाजवळ आणि मागे येतो. पुल-अपमध्ये मुठी पाइपाला अडकलेल्या असल्यामुळे दंड खाली येण्याऐवजी शरीरच वर जाते. येथपर्यंत पकड कोणतीही असली तरी फरक पडत नाही, आणि पाठीची खरी गोष्ट पकडीच्या आधीच सुरू होते.

ती सुरू होते फऱ्यापासून. फरा म्हणजे पाठीवरचे ते त्रिकोणी, चपटे हाड, ज्याला वैद्यकाच्या पुस्तकात स्कंधास्थी म्हणतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाच्या खांद्यावर हळद-लोणी चोळताना हा फरा कातडीखाली मागेपुढे सरकलेला ज्याच्या हाताला लागला आहे, त्याला पुढचे समजणे सोपे जाईल. देवणी असो की लाल कंधारी, बैलाला हासळीचे हाडच नसते. त्याचे पुढचे पाय धडाशी कोणत्याही हाडाच्या सांध्याने जोडलेले नसून केवळ स्नायूंनी बांधलेले असतात, आणि छातीचा पिंजरा दोन फऱ्यांच्या मध्ये झोळीसारखा टांगलेला असतो. माणसाला हासळीचे हाड आहे, तरीही आपला संपूर्ण हात धडाच्या सांगाड्याला एकाच ठिकाणी, गळ्याखाली छातीच्या मधल्या हाडाशी सांधलेला असतो. फरा मात्र बरगड्यांवर नुसता तरंगतो. त्याला वर, खाली, आत, बाहेर ओढणारे आणि गोल फिरवणारे स्नायूच त्याला जागेवर ठेवतात.

याचा पडताळा घरी घेता येतो. कोणाच्या तरी फऱ्याच्या खालच्या टोकावर बोट ठेवून त्याला हात कानापर्यंत वर न्यायला सांगितले, तर ते टोक बोटाखालून निसटून काखेकडे जाते. हात पूर्ण वर जाण्याचा जो सुमारे 180 अंशांचा प्रवास आहे, त्यातले साधारण 120 अंश खांद्याच्या उखळीतल्या सांध्यात होतात आणि उरलेले 60 अंश फरा स्वतः फिरल्यामुळे मिळतात. पाइपाला सैल लटकलेल्या मुलाचे फरे असे फिरून वर कानाकडे सरकलेले असतात. त्यामुळे त्याची पहिली हालचाल कोपर वाकवण्याची नसून, कोपरे ताठ ठेवून फरे खाली आणि कण्याकडे ओढण्याची असायला हवी. तिच्यात शरीर फार तर चार बोटे वर येते, परंतु मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पसरलेल्या ट्रॅपेझियसचा खालचा भाग आणि दोन फऱ्यांमधले ऱ्हॉम्बॉइड स्नायू यांना काम मिळते ते याच चार बोटांत. ही पायरी गाळून जो थेट कोपरे वाकवतो, त्याचे खांदे शेवटपर्यंत कानांना चिकटलेले राहतात आणि हनुवटी पाइपावर न्यायला त्याला कोंबड्यासारखी मान पुढे काढावी लागते. मोजणारा ते मोजतो, पाठ मोजत नाही.

आता पकडीकडे येऊ, आणि येथे थोडे गणित अपरिहार्य आहे. मुलाचे वजन 65 किलो असेल, तर प्रत्येक हातावर त्याचा निम्मा भार, म्हणजे अंदाजे 320 न्यूटन बल येते. दोन खांद्यांच्या सांध्यांमधले अंतर 40 सेंटिमीटर धरू. पकड 60 सेंटिमीटर असेल तर प्रत्येक हात खांद्याच्या 10 सेंटिमीटर बाहेर राहतो, आणि पाइपाच्या टोकांना 100 सेंटिमीटरवर धरले तर 30 सेंटिमीटर बाहेर. बल गुणिले आडवे अंतर हा शाळेतल्या तरफेचा नियम लावला, तर बाजूच्या दिशेने खांद्यावर येणारा पीळ पहिल्या पकडीत 32 आणि दुसरीत 96 न्यूटन-मीटर येतो. स्नायूची स्वतःची तरफ जेमतेम काही सेंटिमीटरची असते. सोयीसाठी ती 4 सेंटिमीटर धरली आणि सारे काम एकाच स्नायूवर टाकले, तर त्याला अनुक्रमे 800 आणि 2400 न्यूटन बलाने, म्हणजे जवळपास 80 आणि 240 किलो वजन पेलल्यासारखे ओढावे लागेल. प्रत्यक्षात तळहात पाइपावर आडवा रेटाही देतात आणि शेजारचे स्नायू वाटा उचलतात, त्यामुळे हे आकडे उतरतात. तरीही लांब पकड अवघड का जाते, हे त्यांतून कळते.

मग पाठ रुंद का होत नाही? कारण जवळच्या पकडीत कोपरे बाजूला न जाता पुढे येतात आणि हात व खांदा यांच्यातले अंतर डावी-उजवीकडे न पडता पुढे-मागे पडते. पीळ टळत नाही, त्याची दिशा बदलते. आणि लॅटिसिमस दंडाला बाजूने खाली आणण्याइतकाच पुढून मागे आणण्यातही तरबेज आहे. शिवाय खांद्यापासून मुठीपर्यंत 60 सेंटिमीटर हात असलेला मुलगा पायथागोरसच्या नियमाने 60 च्या पकडीत पाइपाखाली 59 सेंटिमीटर लटकतो, तर 100 च्या पकडीत 52, म्हणजे प्रवासातले सात सेंटिमीटर सुरुवातीलाच गेले. नॉर्वेतल्या संशोधकांनी 2014 मध्ये 15 पुरुषांवर, वरचा दांडा छातीकडे ओढण्याच्या यंत्राने, खांद्याच्या रुंदीच्या एकपट, दीडपट आणि दुप्पट पकडी तपासल्या. लॅटिसिमसची विद्युत सक्रियता तिन्हींत साधारण सारखीच होती, आणि सहा वेळा ओढता येईल असे वजन मात्र सर्वांत रुंद पकडीत सुमारे तीन किलोंनी कमी भरले.

तळवे स्वतःकडे की समोर, या वादातही असेच आहे. दंडावरचा बायसेप्स कोपराखाली अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला चिकटतो, आणि तळवे समोर केले की ते हाड फिरून त्याची दोरी स्वतःभोवती गुंडाळून घेते. तळवे स्वतःकडे असले की दोरी मोकळी होते. म्हणून चिन-अप, म्हणजे तळवे स्वतःकडे ठेवून काढलेला पुल-अप, सोपे वाटते. अमेरिकेत 2010 मध्ये झालेल्या मोजणीत चिन-अपमध्ये बायसेप्स आणि छातीचा स्नायू अधिक, तर पुल-अपमध्ये ट्रॅपेझियसचा खालचा भाग अधिक सक्रिय आढळला. लॅटिसिमस दोन्हींत जवळजवळ सारखाच राबत होता.

ज्याला एकही पुल-अप जमत नाही, त्याने स्टुलावर चढून हनुवटी पाइपावर ठेवावी आणि तेथून सावकाश खाली यावे. आखडणारा स्नायू जितका वेगाने आखडतो तितके त्याचे बल घटते, हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 1938 मध्ये बेडकाच्या स्नायूंवर मांडले. ताणला जाणारा स्नायू मात्र उचलण्यापेक्षा अधिक बलाने भार थोपवू शकतो. स्नायूतल्या मायोसिन या प्रथिनाची डोकी शेजारच्या अ‍ॅक्टिनच्या धाग्याला धरून असतानाच बाहेरून खेचली जातात, आणि टायटिन नावाचे स्प्रिंगसारखे प्रचंड प्रथिनही ताणाला विरोध करते. म्हणूनच ज्याला वर जाता येत नाही, त्याला उतरता येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काखेमागे जे ठणकते, ते साचलेले लॅक्टिक अ‍ॅसिड नव्हे; लॅक्टेट तासाभरात रक्तातून निवळते. ठणका सवय नसलेल्या ताणामुळे होतो, म्हणून पहिल्या दिवशी चार-पाच उतरण्या पुरेत. अतिरेकानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर घरगुती काढा न घेता थेट डॉक्टर गाठावा.

उंची कमी पडणारी मुलेही याच पाइपाला लटकतात, कारण लटकण्यासोबत अमुक चूर्ण घेतले की उंची वाढते, असे त्यांना कोणीतरी विकलेले असते. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबल्यामुळे संध्याकाळपर्यंत माणूस एक-दोन सेंटिमीटरने खुजा होतो आणि झोपून उठला की पूर्ववत होतो. लटकल्याने त्यातलेच थोडे तात्पुरते परत मिळते. हाडांच्या टोकांची वाढीची पट्टी एकदा मिटली की चूर्ण केवळ विकणाऱ्याचा खिसा वाढवते.

तो नवखा आता उलट्या ठेवलेल्या रंगाच्या डब्यावर उभा राहून उतरण्या करतो. पहिल्या दिवशी मी मोजलेल्या दोन अंकांत तो खाली आला होता. परवा पाच अंक झाले. कोपरे सरळ झाल्यावरही त्याचे फरे क्षणभर खालीच धरलेले होते आणि घामाने भिजलेल्या बनियनखाली ते मागाहून, सावकाश, कानांकडे सरकताना दिसले.