आठ कोअर असूनही बेरीज का चुकते?

लातूर-नांदेडच्या कुठल्याही मोबाइल दुकानात 'आठ कोअरचा आहे, आठपट पळतो' हे ऐकायला मिळतं. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. ते खरं नाही. कामाचा दहावा हिस्सा जरी एकामागोमागच करावा लागणारा असला, तरी आठ कोअर मिळून वेग पाचपटही होत नाही. हा मुद्दा संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ सालीच मांडला होता. पण वेगापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे चुकीचं उत्तर.

समजा, मोंढ्यातल्या सोयाबीनची आवक एक प्रोग्राम मोजतोय. आतापर्यंत ५०० क्विंटल झालीय. एक थ्रेड (प्रोग्राममधली एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक धार) ४० मिळवतो, त्याच वेळी दुसरा २५. 'आवक = आवक + ४०' ही ओळ एकच दिसते, पण प्रोसेसर तीन कामं करतो: आकडा वाचतो, बेरीज करतो, परत लिहितो. दोघांनीही ५०० वाचले, पहिल्याने ५४० लिहिले, दुसऱ्याने त्यावरच ५२५. हवे होते ५६५. ४० क्विंटल गायब! असा घोळ हजारातून एखाद्या वेळी होतो आणि शोधायला बसलं की सापडत नाही, कारण तपासणीची एक ओळ घातली तरी वेळेचं गणित बदलतं. मग 'मशीनला बाधा झालीय' म्हणत लिंबू-मिरची टांगली जाते. बाधा वगैरे काही नसते. दोघांनी एकच जागा खोडून लिहिली, एवढंच कारण.

फंक्शनल भाषा हा प्रोग्राम लिहिण्याच्या भाषांचा एक प्रकार. त्या शक्यतो खोडण्याचीच सोय काढून टाकतात. एकदा दिलेली किंमत बदलत नाही, नवी किंमत तयार होते. एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी १९८६च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी घडवलेली अर्लांग याच घराण्यातली. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर तिच्यावरच उभे राहिले. तिथे आवक एका प्रोसेसच्या, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या छोट्या कामाच्या, ताब्यात असते, इतर प्रोसेस तिला फक्त निरोप धाडतात. ती एकेक निरोप उचलते. 'मोज(५००)', म्हणजे आवक ५०० धरून मोजणी, चालू असताना '४० मिळव' आलं की ती स्वतःलाच 'मोज(५४०)' म्हणून पुन्हा बोलावते. मधे कुणाला हात घालायला जागाच नाही.

तरी निरोप काय धाडायचा हे ठरवावंच लागतं. 'किती झाली?' विचारून, बेरीज आपल्याकडे करून 'आता ५४० धर' असं कळवलं, तर जुनाच घोळ परत येतो. शिवाय एकाच प्रोसेसपुढे निरोपांची रांग लागली की बाकीचे कोअर रिकामे बसतात. म्हणून औसा, उदगीर, निलंगा यांची आवक वेगवेगळ्या प्रोसेसकडे द्यायची आणि शेवटी एकत्र करायची. बेरीज कुठल्याही क्रमाने केली तरी उत्तर तेच येतं.