कॅम्पस कॅरी (टेक्सास)

परवानाधारकाने महाविद्यालयाच्या आवारात अंगावर लपवून पिस्तूल बाळगणे याला अमेरिकेत ‘कॅम्पस कॅरी’ म्हणतात. परवानगी द्यायची की नाही, हे तिथे राज्यागणिक ठरते. टेक्सासमध्ये सिनेट विधेयक ११ हे २०१५ मध्ये संमत झाले आणि १ ऑगस्ट २०१६ पासून सरकारी विद्यापीठांना लागू झाले. कम्युनिटी कॉलेजांना, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक सरकारी महाविद्यालयांना, ते वर्षभराने लागू झाले. खासगी विद्यापीठांना नकाराची मुभा होती आणि जवळजवळ सर्वांनी ती वापरली.

१ ऑगस्ट १९६६ रोजी ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात मनोऱ्याच्या २८व्या मजल्यावरून एका माजी मरीन सैनिकाने सुमारे ९६ मिनिटे गोळीबार केला होता. कायदा लागू झाला तो त्याच्या बरोबर पन्नासाव्या स्मृतिदिनी. त्या दिवशी खालून नागरिकांनी स्वतःच्या रायफलींनी प्रत्युत्तर दिल्यामुळे हल्लेखोराला आडोसा घ्यावा लागला, असे समर्थक सांगतात. ते खरे आहे. मात्र वर चढलेल्या पोलिसांना त्याच गोळ्यांपासून जीव सांभाळावा लागला, हेही तितकेच खरे आहे.

कायदा लागू झाला तेव्हा परवान्यासाठी साधारणपणे वय २१ पूर्ण लागत असे. ४ ते ६ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, शिवाय ३, ७ आणि १५ यार्डांवरून ५० गोळ्यांची नेमबाजी चाचणी द्यावी लागते. २०२१ पासून राज्यात इतरत्र विनापरवाना पिस्तूल बाळगता येते, पण विद्यापीठाच्या आवारात परवाना अजूनही लागतो. तिथे शस्त्र जाणूनबुजून दिसेल असे ठेवणे गुन्हा आहे.

सरसकट बंदी घालता येत नाही, पण विद्यापीठप्रमुख ‘वाजवी नियम’ करू शकतात, आणि खरी ओढाताण या नियमांवरच झाली. ऑस्टिनमध्ये वर्गांत पिस्तुलाला मुभा मिळाली. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना मात्र ती नाकारली गेली. प्राध्यापक एकट्याच्या खोलीत मनाई करू शकतो, पण ती येणाऱ्याला तोंडी सांगायची, आणि विद्यार्थ्यांना भेटणे कामाचा भाग असेल तर भेटीसाठी दुसरी जागाही द्यायची. ट्रिगर आणि त्याभोवतीचे कडे पूर्ण झाकणारे होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, सक्तीचे आहे. चेंबरमध्ये, म्हणजे गोळी जिथून सुटते त्या नळीमागच्या खणात, गोळी भरलेली नसावी, असाही नियम सुचवला होता. तो विद्यापीठाच्या नियामक मंडळाने जुलै २०१६ मध्ये काढून टाकला.

होल्स्टरचा आग्रह उगाच नाही. २०१४ मध्ये आयडाहो स्टेट विद्यापीठात वर्गातच एका प्राध्यापकाच्या खिशातले पिस्तूल उडून गोळी त्याच्याच पायात गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये टेक्सासच्या टार्लटन स्टेट विद्यापीठातल्या वसतिगृहात परवानाधारक विद्यार्थ्याकडून चुकून गोळी सुटली. मोठे हत्याकांड विरळा. असे अपघात रोजच्या हाताळणीतून घडतात, म्हणून नियम आखताना त्यांचाच विचार आधी व्हायला हवा.

ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिकांनी न्यायालयात धाव घेतली. वादग्रस्त विषयावर चर्चा रंगली असताना समोर कोणाकडे पिस्तूल असेल या धास्तीने मोकळेपणाने बोलणे आक्रसते, असे त्यांचे म्हणणे होते. टेक्सास ज्याच्या कक्षेत येते त्या पाचव्या सर्किटच्या संघराज्यीय अपील न्यायालयाने २०१८ मध्ये ही भीती अनुमानावर आधारलेली ठरवून दावा फेटाळला. वर्गात जे बोललेच गेले नाही त्याचा पुरावा आणायचा कुठून, हा प्रश्न त्यामुळे तसाच राहिला.

टेक्सासला शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. विद्यार्थी व्हिसावरील व्यक्तीला, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद वगळता, संघराज्याच्या कायद्याने बंदूक बाळगण्यास मनाई आहे. राज्याच्या सवलतीने ती उठत नाही.