कामाच्या ठिकाणचे अपघात : कारणे व परिणाम (नागपूर परिसर)

काम चालू असताना अथवा कामामुळे घडणाऱ्या आणि कामगाराला इजा, अपंगत्व किंवा मृत्यू आणणाऱ्या अनपेक्षित घटनेस कामाच्या ठिकाणचा अपघात म्हणतात. वर्षानुवर्षे धूळ छातीत गेल्याने होणाऱ्या सिलिकोसिससारख्या व्यवसायजन्य आजारांची गणना वेगळी होते, तरी भरपाईच्या कायद्यात दोहोंना जागा आहे.

नागपूर परिसरात जोखमीचे बहुतेक प्रकार एकत्र आढळतात. हिंगणा व बुटीबोरी येथे औद्योगिक वसाहती, कोराडी व खापरखेडा येथे औष्णिक वीज केंद्रे, उमरेड-सावनेर भागात कोळशाच्या, तर मनसर-कांद्री भागात मँगनीजच्या खाणी आहेत, आणि अमरावती मार्गावर बाजारगावच्या आसपास स्फोटकांचे कारखाने आहेत. पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालयही याच शहरात आहे. १८७७ साली सुरू झालेल्या येथील एम्प्रेस मिलने १८९५ पासून अपघातग्रस्तांना भरपाई देण्यास आरंभ केला. देशात तसा कायदा १९२३ साली झाला.

अपघाताचे कारण शोधताना चौकशी बहुधा कामगाराच्या हातापाशी थांबते. पॉवर प्रेसमध्ये (पत्रा साच्यात दाबून आकार देणाऱ्या यंत्रात) बोटे तुटली की अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहिले जाते. परंतु हात साच्यात जाऊ नये म्हणून बसवलेला गार्ड माल लवकर निघावा यासाठी कोणी काढला, दोन्ही हातांनी दाबायची बटणे एका हाताने चालतील अशी कोणी करून घेतली आणि मजुरी नगावर ठरवल्यामुळे कामगाराला घाई करणे भाग पडले का, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. धोकादायक यंत्रभागांना कुंपण असलेच पाहिजे, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या २१ व्या कलमानेच सांगितले होते. अमेरिकी विमा क्षेत्रातील हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ मध्ये ८८ टक्के अपघातांचे खापर असुरक्षित वर्तनावर फोडले. त्यांचा आधार मात्र मुख्यतः मालक व पर्यवेक्षकांनी दिलेली माहिती असलेल्या कागदपत्रांचा होता, आणि हे त्या आकड्याचे मोठे वैगुण्य मानावे लागते. पुढे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी व्यवस्थेत आधीपासून दडून बसलेल्या उणिवांकडे लक्ष वेधले. कंत्राटी कामगाराला प्रशिक्षणाविना यंत्रावर उभे करणे, सलग दोन पाळ्या लावणे, दुरुस्तीच्या वेळी वीजपुरवठा बंद करून कोणी तो चालू करू नये म्हणून कुलूप न लावणे किंवा हवेची तपासणी न करता माणसाला टाकीत उतरवणे, या सर्व उणिवा त्याच जातीच्या होत.

स्फोटकांच्या कामात चुकीला वावच उरत नाही. घर्षण, आघात, उष्णता किंवा स्थिर विद्युतची एखादी ठिणगीही पुरेशी ठरते, आणि कोरड्या हवेत स्थिर विद्युत अधिक साचते. म्हणून शेड एकमेकांपासून दूर व मातीच्या बांधांआड उभारतात आणि एका शेडमध्ये किती माणसे व किती माल असावा यावर मर्यादा घालतात. १७ डिसेंबर २०२३ रोजी बाजारगाव येथील कारखान्यात झालेल्या स्फोटात नऊ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. भरण्याची व पॅकिंगची हातकामे या उद्योगात पुष्कळदा आसपासच्या गावांतील स्त्रियांकडे असतात.

विदर्भातील उन्हाळाही गौण समजू नये. पारा ४५ अंशांवर गेलेल्या दुपारी भट्टीपाशी, पत्र्याच्या शेडखाली किंवा बांधकामावर काम करणाऱ्याची एकाग्रता आणि पकड दोन्ही ढिली पडतात.

परिणामांचे मोजमाप नोंदीतच अडखळते. दुखापतीमुळे ४८ तास किंवा अधिक काळ काम करता आले नाही तर कारखान्याने अपघाताची सूचना देणे बंधनकारक असते. त्यामुळे पट्टी बांधलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी बोलावून हलक्या कामावर बसवले की कागदावर अपघात उरतच नाही. १९२३ च्या कायद्यानुसार मृत्यूची भरपाई मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेस वयानुसार ठरणाऱ्या गुणकाने गुणून काढली जात असे, व २०२० पासून हिशेबात धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये होती. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) नाव नोंदलेल्या कामगाराच्या वारसांना मासिक लाभ मिळतो, परंतु ठेकेदाराने नाव न नोंदवलेल्या कामगाराचे कुटुंब आधी तो तेथे कामाला होता हेच सिद्ध करण्यात अडकते. १९२३ च्या कायद्याच्या १२ व्या कलमाने अशा प्रसंगी मूळ मालकाकडूनच भरपाई मागण्याची मुभा दिली होती. ती रक्कम पुढे ठेकेदाराकडून वसूल करणे हे मालकाचे काम.