कण्हेर : मराठवाड्यातील अंगणातली लागवड

कण्हेर हे सदाफुलीच्या कुळातील सदाहरित फुलझुडूप आहे. संस्कृत नाव करवीर, शास्त्रीय नाव नेरियम ओलिअँडर. उंची साधारण 2 ते 4 मीटर. फुले गुलाबी, पांढरी किंवा लाल, एकेरी वा दुहेरी. मराठवाड्यात ती घरापुढे, शाळांच्या आवारात, देवळांजवळ आणि महामार्गांच्या दुभाजकांत दिसते. पांढरी फुले महादेवाला वाहतात आणि गणपतीच्या पत्रीतही कण्हेरीचे पान असते.

लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा मुलखात अंगणातल्या झाडाची पहिली कसोटी पाण्याचीच, आणि तिथे कण्हेर गुलाबापेक्षा कितीतरी उजवी ठरते. तिची पाने चिवट व चामड्यासारखी असतात. श्वसनरंध्रे पानाच्या खालच्या बाजूला केसाळ खळग्यांत दडलेली असल्याने उन्हाळ्याच्या गरम वाऱ्यातही पाणी कमी उडते. एकदा मूळ धरले की आठ-पंधरा दिवसांनी एखादी बादली पाणी पुरते.

लागवड पावसाळ्याच्या तोंडावर करावी. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचे 15 ते 20 सेंटिमीटरचे तुकडे सहज मुळे धरतात. काळ्या भारी जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून खड्ड्यात मुरूम मिसळावा आणि रोप थोडे उंचावर लावावे. जागा भरपूर उन्हाची हवी, सावलीत फुले कमी येतात. फुले नव्या फुटव्यांच्या शेंड्यांना येत असल्यामुळे बहर ओसरल्यावर हलकी छाटणी केली की झुडूप पुन्हा भरते. खताचे फार लाड लागत नाहीत.

मात्र कण्हेरीचा प्रत्येक भाग विषारी आहे. त्यातील ओलिअँड्रिनसारखी द्रव्ये थेट हृदयावर परिणाम करतात. उलट्या होतात, नाडी मंद व अनियमित होते आणि जीवही जाऊ शकतो. ओला पाला कडू असल्याने शेळ्या-गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत, आणि म्हणूनच कुंपणाला ती सोयीची मानली जाते. खरा धोका छाटणीनंतर असतो. वाळलेल्या पाल्यातही विष टिकते आणि तो कडब्यात मिसळला तर जनावर नकळत खाते. म्हणून दावणीजवळ, गव्हाणीच्या वाऱ्यावर किंवा रांगत्या मुलांच्या अंगणात कण्हेर लावू नये. छाटलेला पाला खोल पुरावा. जाळू नये, कारण धूरही घातक असतो. फांद्या चुलीत वा बंबात तर कधीच घालू नयेत. चीक लागलेले हात धुवावेत, पत्री तोडून आणणाऱ्या मुलांनीही. पान किंवा फूल कोणी खाल्ले तर लक्षणांची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा.

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, ही याच कुळातली पण वेगळी, उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेली वनस्पती. तीही विषारीच, तिच्या बिया तर विशेष.

कीड फारशी पडत नाही. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा येतो, तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. कधी निळसर डोळ्यांसारखे ठिपके असलेली मोठी हिरवी अळी पाने खाताना आढळते. ती एका देखण्या हिरव्या पतंगाची अळी असून मोठे झुडूप तिचा उपद्रव सहज सोसते.