फक्की, काळी माती आणि ४०० मीटर

नागपुरात रवीनगरच्या विद्यापीठ मैदानावर आता सिंथेटिक, म्हणजे रबरासारख्या थराचा, ट्रॅक आहे. दुसरा मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात. तिथे स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून उतरणाऱ्या आजच्या पोरांना फक्की म्हणजे मैदानावर रेषा आखायची पांढरी भुकटी, हे सांगावं लागतं. आधीच्या पिढ्यांचे हात स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी कोपरापर्यंत पांढरे झालेले असायचे.

नागपूर विद्यापीठ सुरू झालं ४ ऑगस्ट १९२३ला, सहा महाविद्यालयं आणि ९२७ विद्यार्थी घेऊन. हिस्लॉप (१८८३) आणि मॉरिस (१८८५) ही दोन महाविद्यालयं त्याआधीच चाळीसेक वर्षं चालू होती. पण त्या काळी आपल्याकडे शरीर कमवायचं म्हणजे तालीम, आखाडा, जोर-बैठका, मलखांब. धावणं ही वेगळी विद्या आहे आणि तिला मोजून आखलेली जागा लागते, हा विचार मागाहून आला. विदर्भात शारीरिक शिक्षणाचा खरा गड होता अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. वैद्य बंधूंनी ते १९१४मध्ये उभं केलं आणि १९३६मध्ये त्याचा चमू बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आला. नागपूर विद्यापीठाच्या नकाशात अमरावती तेव्हा होतीच.

आता मातीकडे येऊ, कारण सगळी गोम तिथेच आहे. विदर्भाची काळी माती कपाशीला मानवते, धावणाऱ्याला नाही. पावसाळ्यात ती फुगते आणि चपलेला किलोभर चिकटते. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे पाऊस ओसरला की मैदानाची डागडुजी आलीच: खळगे बुजवा, मुरूम टाका, पाणी मारा, रोलर फिरवा. मग दोरी, टेप आणि फक्की.

ही आखणी वाटते तितकी सोपी नाही. एका लेनची रुंदी १.२२ मीटर. पहिल्या लेनचं अंतर आतल्या कडेपासून ३० सेंटीमीटर बाहेर मोजायचं, बाकीच्यांचं आतल्या रेषेपासून २० सेंटीमीटरवर. बाहेरची लेन वळणावर लांब पडते, म्हणून त्या हिशोबाने ४०० मीटरच्या शर्यतीत दुसऱ्या लेनवाल्याला ७.०४ मीटर पुढे उभं करायचं, तिसऱ्याला त्याच्याही पुढे ७.६७ मीटर, आणि असं करत आठवा पोचतो थेट ५३.०३ मीटरवर. हे आकडे तोंडपाठ असलेला शारीरिक शिक्षणाचा मास्तर हीच पूर्वी मैदानाची खरी सुविधा होती, असं माझं मत. तो रजेवर असला की बाहेरच्या लेनवाला उगाच हरायचा किंवा उगाच जिंकायचा. त्यात इंग्रजी अमदानीचं माप होतं ४४० यार्डांचं, म्हणजे ४०२.३४ मीटर. फरक जेमतेम २.३४ मीटरचा, पण त्यापायी जुन्या-नव्या वेळा शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

जगात १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकपासून मातीचा आणि कोळशाच्या राखेचा ट्रॅक मागे पडला. दिल्लीत १९८२च्या आशियाई स्पर्धांसाठी सिंथेटिक आला. महाराष्ट्रात १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने पुण्याजवळ बालेवाडीचं संकुल उभं राहिलं. नागपूरला मात्र बराच काळ वाट पाहावी लागली. आपली पोरं सराव करायची मातीवर आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेला बाहेरगावी गेली की उतरायची सिंथेटिकवर. मातीतले लांब खिळे तिथे चालत नाहीत, ९ मिलिमीटरची मर्यादा असते. पृष्ठभाग पाय उलट फेकतो, आणि त्याची सवय नसली की दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दगड होतात.

उशिराचं एक कारण पैसा, हे उघड आहे. दुसरं पुन्हा मातीच. वरचा थर असतो साधारण १३ मिलिमीटरचा, पण काळ्या मातीवर तो थेट अंथरता येत नाही. माती खणून काढायची, मुरूम-खडीचा पाया दाबून बसवायचा, वर डांबर, आणि आतल्या बाजूला शंभराला एकपेक्षा जास्त उतार द्यायचा नाही. पाया कच्चा राहिला की दोन पावसाळ्यांत ट्रॅकला पोट येतं.

आणि या सगळ्या काळात विद्यापीठाचा नकाशा आक्रसत गेला. १९४६ला सागर विद्यापीठ (आता मध्य प्रदेशात) निघालं. १ मे १९८३ला अमरावती विद्यापीठ वेगळं झालं आणि तो व्यायामाचा गडही त्याबरोबर गेला. २०११ला गोंडवाना विद्यापीठ झालं, त्यात चंद्रपूर-गडचिरोली गेले. उरले नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया. सिंथेटिकची सोय आली तेव्हा अर्ध्याहून जास्त मुलूख दुसऱ्यांच्या जर्सीत होता.

‘इनडोअर’चं, म्हणजे छताखाली धावण्याचं, प्रकरण चार ओळींत आटोपतं. नागपुरात हा शब्द बॅडमिंटन, टेबल टेनिस, फार तर कबड्डीच्या मॅटसाठी वापरतात. रवीनगरचं सुभेदार सभागृह काय किंवा मानकापूरचं इनडोअर स्टेडियम काय, धावण्यासाठी कुणी बांधलेलं नाही. वळणावर कलता असलेला २०० मीटरचा छताखालचा ट्रॅक ही बर्फाळ देशांतल्या विद्यापीठांची गरज. भारतात तो भुवनेश्वरला झाला. आपला वैरी बर्फ नाही, ऊन आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, आणि सिंथेटिक मातीपेक्षा जास्त तापतो. म्हणून सराव पहाटे पाचला सुरू, आठच्या आत घरी.

फक्की अजून पुरती गेलेली नाही. ट्रॅकच्या पोटात गोळा, थाळी आणि भाला पडतात ती जागा गवताची किंवा मातीचीच असते. गोळ्या-थाळीच्या वर्तुळाच्या केंद्रापासून २० मीटरवर दोन रेषांमध्ये बरोबर १२ मीटर अंतर हवं. त्यासाठी एकाने दोरी ताणून धरायची, दुसऱ्याने मूठ सैल करत चालत जायचं.