छपराला वारा वर ओढतो

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि एखाद्या संध्याकाळी धुळीचे लोट उठवत वादळ येतं. सकाळी कुणाच्या तरी घरचं टिन शेजारच्या वावरात सापडतं. त्यावर ठेवलेले दगडही अंगणात पडलेले असतात. खाली माणूस असता तर?

वारा छपरावरून जोरात जातो तेव्हा वरचा दाब घटतो. घरातला दाब तसाच राहतो, वाऱ्याच्या तोंडचं दार उघडं असेल तर वाढतोही. म्हणून छप्पर वर ओढलं जातं. ताशी 80 किलोमीटरच्या वाऱ्यात ही ओढ चौरस मीटरमागे 30 किलोंच्या आसपास जाऊ शकते. कडांना, कोपऱ्यांना आणखी जास्त. तेवढ्या पत्र्याचं वजन जेमतेम 4-5 किलो. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, आणि भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग, म्हणजे इमारतीचा आराखडा करताना धरायचा जोराच्या झोताचा वेग, सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरला आहे. कवेलूचं छप्पर वजनदार असतं, शिवाय फटींतून हवा खेळते आणि दाबातला फरक थोडा कमी होतो.

बंगल्याच्या उतरत्या छपरावर स्लेट बसवायची असेल तर? नैसर्गिक स्लेट म्हणजे जुन्या शाळेच्या पाटीचा दगड. हिमाचलात कांगड्याकडची घरं त्यानेच शाकारलेली आहेत. चांगला दगड शंभर वर्षं टिकतो, उन्हाला दाद देत नाही. त्याला भीती गारांची. गारेचा व्यास दुप्पट झाला की तिचं वजन आठपट होतं, पडण्याचा वेगही वाढतो, आणि तडाखा जवळपास सोळापट बसतो. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भ विसरलेला नाही.

कृत्रिम स्लेट प्लास्टिक-रबराची. ती लवते, म्हणून सहसा तडकत नाही. गारांच्या सर्वांत कडक चाचणीत 5 सेंटिमीटरचा पोलादी गोळा 6 मीटरवरून एकाच जागी दोनदा टाकतात. त्यातही काही कृत्रिम स्लेट पास होतात. पण अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होत जातं आणि आपल्याकडच्या तापत्या छपरावर ते दगडाच्या कितीतरी पट प्रसरण पावतं. लांबच्या थंड देशातली हमी इथे जशीच्या तशी धरू नये.

माझं मत विचाराल तर, छपराखालची लाकडं दगडाचा भार पेलत असतील तर जाड नैसर्गिक स्लेट घ्यावी. गारांनी दोनचार फुटल्या तर तेवढ्याच बदलता येतात. मात्र प्रत्येक स्लेटला दोन तांब्याचे खिळे हवेत. आणि टिनच घालणार असाल तर दगड उतरवा, जे-हूकने (इंग्रजी J च्या आकाराच्या आकड्याने) पत्रे त्यांच्याखालच्या लोखंडी अँगलला कसा, कडेच्या ओळीला हूक जवळजवळ लावा, आणि तो अँगलही भिंतीत पक्का बसवून घ्या.