मसुराएवढा डाग

आमच्या मावशीने दादरच्या एका शाळेत तीस वर्षं मुलींना खेळ शिकवले. सकाळच्या कवायतीपासून दुपारच्या खो-खोपर्यंत सगळं मैदानावर. साठी उलटल्यावर गालांवर आणि हातांच्या मागच्या बाजूला तपकिरी डाग दिसू लागले, तेव्हा घरात सगळ्यांनी एकच सांगितलं, वयाचे डाग आहेत. पण तिच्या दंडाची, ब्लाउजच्या बाहीखालची कातडीही तितक्याच वर्षांची होती आणि तिथे एकही डाग नव्हता. म्हणजे डाग वयाचे नव्हते, उन्हाचे होते.

या डागांना नाव देताना लोक फार पूर्वीपासून चुकत आले आहेत. इंग्रजीत त्यांना कित्येक पिढ्या 'लिव्हर स्पॉट' म्हणत, कारण यकृत बिघडलं की ते येतात अशी समजूत होती. यकृताचा त्यांच्याशी काही संबंध नाही. डॉक्टरांचा शब्द 'लेन्टिगो'. तो लॅटिनमधल्या मसुराच्या नावावरून आला, कारण डाग तसाच गोल आणि चपटा. आपल्याकडे मसूर औषध म्हणून आला: मसूर दुधात वाटून, तूप घालून चेहऱ्याला लावायचा लेप आयुर्वेदात 'व्यंगा'साठी सांगितला आहे. त्याच शब्दावरून आपला 'वांग' आला. सुश्रुताने व्यंग क्षुद्ररोगांत मोजला आणि कारण दिलं राग व श्रम यांनी बिघडलेला वात, सोबत पित्त.

आज डॉक्टर वांग आणि उन्हाचे डाग वेगळे धरतात. वांगाचे पट्टे बहुधा दोन्ही गालांवर सारखे येतात. गरोदरपण, संप्रेरकं यांचाही त्यात वाटा असतो. उन्हाचा डाग सुटा, ठळक कडेचा असतो. घरात मात्र दोन्हींना वांगच म्हणतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लावलं जातं.

सूर्यप्रकाशातले अतिनील किरण रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने 1801मध्ये ओळखले. वर्षानुवर्षं हे किरण पडत राहिले की त्या जागी रंगपेशी वाढतात, रंगद्रव्य साठतं, आणि ऊन टाळलं तरी डाग आपोआप जात नाही. मुंबई 19 अंश उत्तरेला. इथे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीला. मे म्हणजे गच्चीवर मिरच्या आणि पापड वाळत घालायचे दिवस. जुलैत आभाळ भरलेलं असलं तरी ढगांतून हे किरण बऱ्याच प्रमाणात खाली येतात. काचही त्यांना पुरती अडवत नाही. 28 वर्षं ट्रक चालवलेल्या एका अमेरिकी चालकाचा फोटो 2012मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आला होता: खिडकीकडचा गाल सुरकुतलेला, दुसरा बराच तरुण.

उपचारांचा इतिहास मला जास्त अस्वस्थ करतो, कारण आपल्याकडे डाग घालवणं आणि गोरं होणं यांची सरमिसळ फार लवकर झाली. ई. एस. पाटणवाला यांनी याच शहरात 1919मध्ये 'अफगाण स्नो' हे चेहऱ्याचं क्रीम बाजारात आणलं. मग 1975 उजाडलं. त्या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. भारतात 'फेअर अँड लव्हली' आलं. अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस यांनी त्वचेचा रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड असं तिहेरी मिश्रण मांडलं. आणि दक्षिण आफ्रिकेतून फिंडले यांनी कळवलं, की हायड्रोक्विनोनची मलमं फासत राहिलेल्या स्त्रियांची त्वचा उलट निळसर-काळी पडते आहे.

त्या तिहेरी मिश्रणाचे भाऊबंद आपल्याकडे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळू लागले. मावशीनेही शेजारणीच्या सांगण्यावरून एक ट्यूब आणली. महिनाभर चेहरा उजळला. चौथ्या महिन्यात गाल लाल झाले, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या, आणि मलम थांबवलं की आग व्हायची. डाग तसेच. असे रुग्ण इतके वाढले, की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने आवाज उठवला आणि 2018मध्ये केंद्र सरकारने त्वचेला लावायची 14 स्टेरॉइड शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत घातली. ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचाच, नावात मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावू नका.

अँडरसन आणि पॅरिश यांनी 1983मध्ये दाखवलं, की लेझरचा रंग आणि त्याच्या झोताचा कालावधी नीट निवडला तर आजूबाजूची कातडी वाचवून फक्त रंगद्रव्य फोडता येतं. आजचे डागांचे लेझर त्यावरच उभे आहेत. मात्र आपल्या सावळ्या त्वचेवर जरा जास्त ऊर्जा पडली तरी जागा आणखी काळवंडते, गोठवण्याच्या उपचाराने पांढरा ठिपका उरू शकतो. म्हणून सावळ्या त्वचेचा सराव असलेला डॉक्टर शोधावा.

सनस्क्रीनचं 'एसपीएफ' हे माप ऑस्ट्रियाच्या ग्राइटर यांनी 1974मध्ये रूढ केलं. ते मोजतं त्वचेचं लाल होणं. सावळ्या त्वचेला डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काळवंडवतो. तो अडवायला लोह ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन अधिक उपयोगी. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं.

मावशी आता पूर्ण बाह्यांचा सुती ब्लाउज घालते आणि भाजीला जाताना छत्री नेते. तिच्या गालावरच्या एका डागाची कड मध्यंतरी वेडीवाकडी वाटली, तेव्हा त्यावर काहीही लावण्याआधी आम्ही तो डॉक्टरांना दाखवला. रंग, कड किंवा आकार बदलणारा डाग आधी तपासून घ्यायचा असतो, कारण क्वचित तो कर्करोगही निघतो. तिचा साधाच निघाला.